लिओ फेंडर: गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाने घडवलेला आवाज

उन्हाळ्यात जालना, अंबड, परतूर कुठेही जा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गर्दी असते. विहिरीची मोटार जळालेली असते आणि कारागीर तिच्यात नवी तांब्याची तार भरत असतो. तार किती गेजची आणि वेढे किती, हे आधी मोजून घेतलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटारचा आवाजही बराचसा याच दोन आकड्यांवर ठरतो. हे आकडे आयुष्यभर बदलून बघणाऱ्या लिओ फेंडरला स्वतःला मात्र गिटार वाजवता येत नव्हती!

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. घरची संत्र्याची बाग (आपल्याकडे मोसंबी, तिकडे संत्री). लहानपणीच एक डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. शिक्षण अकाउंटिंगचं. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे आणि लिओ त्यांच्या तक्रारी ऐकत बसायचा. १९४३ मध्ये त्याने फक्त पिकअप तपासण्यासाठी एक ओबडधोबड गिटार बनवली. गंमत म्हणजे वादक तीच भाड्याने मागू लागले.

आता पिकअप म्हणजे काय ते बघू. स्ट्रिंगखाली चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची स्ट्रिंग हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये सिग्नल तयार होतो. नायलॉनची स्ट्रिंग लावली तर ॲम्प गप्प. वेढे वाढवले की सिग्नल मोठा होतो, पण कॉइलचा इंडक्टन्सही वाढतो, वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात आणि आवाज जाड, दबका होतो. म्हणजे जास्त वेढे म्हणजे जास्त चांगला आवाज, असं अजिबात नाही.

१९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव मिळालेल्या गिटारमध्ये हे मस्त दिसतं. ब्रिजजवळच्या पिकअपखाली लिओने स्टीलची पट्टी लावली, आवाज ठसठशीत झाला. मानेजवळच्या पिकअपला त्याहून बारीक, ४३ गेजची तार आणि वर धातूचं झाकण. झाकणात भोवरी प्रवाह तयार होतात, धारदार फ्रिक्वेन्सी थोड्या मरतात, आवाज मऊ येतो. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन पिकअप, तिन्ही जवळपास सारखे, ४२ गेजचे साधारण ८ हजार वेढे. तरी तिघांचा आवाज वेगळा! कारण जागा. ब्रिजजवळ स्ट्रिंग कमी हलते आणि तिथे वरचे स्वरांश उठून दिसतात. मानेकडे आवाज गोल होतो. यूट्यूबवर लोक लाकडावरून भांडत बसतात, पण भरीव गिटारमध्ये मला तरी पिकअपचा वाटा कितीतरी मोठा वाटतो.

१९५८ च्या जॅझमास्टरमध्ये त्याने कॉइल चपटी आणि रुंद केली, उबदार आवाजासाठी. जॅझवाले फारसे फिरकलेच नाहीत, सर्फ म्युझिकवाल्यांनी ती उचलली.

एका कॉइलचा मोठा तोटा म्हणजे घरातल्या विजेची घूंऽऽ तिच्यात शिरते (आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिकडे ६०). गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन उलट कॉइल जोडून ती मारली. लिओने १९५७ मध्ये बेस गिटारचा पिकअप दोन तुकड्यांत विभागून तेच साधलं. स्ट्रॅटची घूं मात्र तशीच राहिली, कारण तिच्यासोबत तो चमकदार आवाजही येत होता.

मग तब्येत ढासळली. सायनसचं इन्फेक्शन काही केल्या जाईना, आपण आता फार जगत नाही असं त्याला वाटू लागलं. १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरला विकली. नंतर दुसऱ्या डॉक्टरने त्याला बरं केलं! पण स्वतःचं नाव दुसऱ्याचं झालं होतं. बाजारातल्या नव्या फेंडर गिटारींवर त्याचा काहीच हक्क उरला नव्हता.

सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने जुना सहकारी जॉर्ज फुलरटनसोबत जी अँड एल काढली आणि पुन्हा पिकअपच हातात घेतला. यावेळी खाली सिरॅमिक चुंबक आणि प्रत्येक स्ट्रिंगसाठी वरखाली करता येणारा लोखंडी स्क्रू. पार्किन्सन्सने हात थरथरत होते, तरी तो कारखान्यात जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. त्याचं कामाचं टेबल जी अँड एलने पुढे कित्येक वर्षं तसंच ठेवलं होतं.