गिटार न वाजवणारा लिओ फेंडर आणि ९ व्होल्टची बॅटरी

माझ्याकडे साधी, पॅसिव्ह पिकअपवाली इलेक्ट्रिक गिटार आहे. एका स्वस्त अॅडाप्टरने ती फोनला जोडली, अॅम्पचं अॅप उघडलं, तर आवाज असा की वर कुणीतरी गोधडी टाकलीय. मित्राने निदान केलं की अॅक्टिव्ह पिकअप बसवून घे. खर्च ऐकला आणि म्हटलं, आधी फरक काय ते तरी समजून घेऊ. शोधता शोधता पोचलो लिओ फेंडर यांच्यापाशी.

हे नाव तुम्ही गिटारच्या टोकावर नक्की पाहिलं असेल. लिओंचा जन्म १९०९ चा, कॅलिफोर्नियातल्या संत्र्याची बाग असलेल्या घरातला. लहानपणीच एक डोळा गेला, काचेचा बसवला. शिकले हिशेबनीस म्हणून. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गंमत म्हणजे त्यांना गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. दुकानात वादक अॅम्प दुरुस्तीला आणायचे आणि लिओ त्यांच्या तक्रारी ऐकायचे. नवीन काही बनवलं की तेच वादक ते वापरून बघायचे. आजच्या भाषेत बीटा टेस्टिंगच!

१९५१ चा टेलिकास्टर आणि १९५४ चा स्ट्रॅटोकास्टर यातूनच आले. दोन्हींतले पिकअप पॅसिव्ह. म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. बॅटरी लागत नाही, पण सिग्नल नाजूक असतो. केबल मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स घेऊन बसलेली असते. केबल जितकी लांब, तितका वरच्या सुरांचा चकचकीतपणा कमी. शिवाय पुढचं उपकरण कमी इम्पीडन्सचं असेल तर उरलासुरला जीवही जातो. गिटारला समोर साधारण १ मेगाओहम हवा असतो. फोनचं हेडसेट-माइक इनपुट फक्त काही किलोओहमचं. माझी गोधडी ती हीच.

जानेवारी १९६५ मध्ये लिओंनी कंपनी सीबीएसला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. तब्येत साथ देत नव्हती. व्यवहारात कंपनीबरोबर फेंडर हे नावही गेलं आणि दहा वर्षं स्पर्धेत उतरायचं नाही अशी अट होती. मला ही गोष्ट फार लागते. स्वतःचं आडनाव दुकानात टांगलेलं आहे, पण ते आपलं नाही. पैसा भरपूर होता, घरी बसता आलं असतं. पण मुदत संपल्यावर १९७५ मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले आणि आपल्याच जुन्या पॅसिव्ह सर्किटच्या पुढे गेले.

१९७६ चा स्टिंगरे बास. याचा पिकअप पॅसिव्हच होता! फक्त बासच्या पोटात एक छोटा प्रीअॅम्प आणि ९ व्होल्टची बॅटरी होती. सिग्नल केबलमध्ये शिरण्याआधीच दणकट व्हायचा, लो इम्पीडन्स व्हायचा, बास आणि ट्रेबल तिथेच वाढवता यायचे. मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या पहिल्या अॅक्टिव्ह बासपैकी हा एक. म्हणजे अॅक्टिव्हपणाचा बराचसा भाग चुंबकात नसून सर्किटमध्ये आहे, आणि ते सर्किट कुठे बसवलंय त्यात आहे. पूर्ण अॅक्टिव्ह पिकअपमध्ये वेढेही कमी असतात, त्यामुळे गुणगुण कमी. तेवढा फरक खरा.

मग मी पिकअप बदललेच नाहीत. अॅडाप्टर काढून हाय-झेड इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस घेतला, केबल सहा मीटरवरून तीनवर आणली. मोठ्या स्टेजवर वाजवत असाल तर गिटारच्या शक्य तितक्या जवळ बफर पेडल लावा. केबलच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही, गेलेला ट्रेबल परत येत नाही. इक्यूने ओढून आणाल तर सोबत खरखरही येईल. त्यापुढे अॅपमध्ये आधी कंप्रेसर, ३:१ पुरे. मग इक्यूत २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी, ४ ते ५ किलोहर्ट्झला रुंद, हलकी चढण. शेवटी क्लीन बूस्ट, म्हणजे अॅम्पला अॅक्टिव्हसारखा जोरदार सिग्नल मिळतो. सिंगल कॉइलची ५० हर्ट्झची गुणगुण मात्र यातून जात नाही. नॉइज गेट फक्त वाजवत नसताना ती गप्प करतो. कंप्रेसर जास्त दाबलात तर ती उलट वाढते, माझा पहिला आठवडा त्यातच गेला.

लिओ म्युझिक मॅनमध्येही टिकले नाहीत. जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल काढली. पार्किन्सनने हात थरथरायचे, तरी ते रोज फुलर्टनमधल्या टेबलाशी बसायचे. मार्च १९९१ मध्ये गेले, आदल्या दिवशीही कामावर होते.

आणि हो, बॅटरीवाली गिटार किंवा बास घेतलात तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. बहुतेकींत जॅक लावलेला असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.