बाबा आमटे व पोरकें पिलूं

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांनीं भेकराचें किंवा वानराचें एकटें पडलेलें पिलूं पाहिलें असेल. त्यांच्याकरितां आम्ही बाबा आमटे यांचें चरित्र थोडक्यांत देत आहों.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाट येथें श्रीमंत जमीनदाराच्या घरीं झाला. तरुणपणीं ते बंदूक घेऊन शिकारीस जात. पुढें ते वकील झाले. एके दिवशीं वाटेंत पडलेला कुष्ठरोगी पाहून ते भयानें पळाले. मग त्या भयाचीच त्यांस लाज वाटली. ते परत फिरले व त्यांनीं त्याची शुश्रूषा केली. १९४९ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभें राहिलें.

१९७३ सालीं त्यांनीं हेमलकसा येथें माडिया लोकांकरितां कार्य आरंभिलें. तें त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश व सूनबाई डॉ. मंदाकिनी यांनीं चालविलें. तेथें एकदां शिकारी मेलेली माकडीण नेत होते आणि तिचें जिवंत पिलूं तिलाच बिलगलें होतें. ती शिकार भुकेपोटीं होती. डॉक्टरांनीं दोष दिला नाहीं. तांदूळ देऊन पिलूं मागून घेतलें. पुढें लोक बिबट्याचे व अस्वलाचे बच्चेहि जिवंत आणून देऊं लागले.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजीं वारले. शिकाऱ्याचें घर अशा रीतीनें पोरक्या पिलांचें आश्रयस्थान झालें.

वाचकहो, गवतांत निजलेलें पाडस पोरकेंच असतें असें नाहीं; त्याची आई बहुधा जवळच चरत असते. त्यास हात लावूं नये. आई मेली असल्यास वनखात्यास कळवावें. १९७२ च्या कायद्याप्रमाणें तें घरीं पाळतां येत नाहीं. मात्र पाहून न पाहिल्यासारखें करून पुढें जाऊं नये.