फिलिप हेन्री गॉस : घरात समुद्र आणणारा माणूस



उजनीचे मासे पाहिले नाहीत असा मुलगा इंदापूर तालुक्यात शोधूनच काढावा लागेल. भिगवणची चिलापी तर बारामतीच्या बाजारातही येते. पण हे सगळे गोड्या पाण्यातले मासे. निमोच्या सिनेमातला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घरी ठेवायचा म्हटलं, की खारं पाणी हवं, आणि समुद्र तर घाटापलीकडे! सुमारे १७० वर्षांपूर्वी लंडनमध्ये राहणाऱ्या एका माणसासमोर हीच अडचण होती. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टर गावचा. वडील छोटी व्यक्तिचित्रं रंगवत गावोगाव फिरायचे, त्यामुळे घरात पैसा बेताचाच. बालपण पूल या बंदरात गेलं. सतराव्या वर्षी ते नोकरीसाठी न्यूफाउंडलंडला गेले आणि एका व्यापारी पेढीत कारकून झाले. कॅनडात शेती करून पाहिली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामामध्ये शाळामास्तर झाले. (म्हणजे आमच्याच बिरादरीतले!) पण जातील तिथे किडे पाहायचे, त्यांची चित्रं काढायची आणि टिपणं ठेवायची, हे मात्र कधी सुटलं नाही.

१८५२ साली प्रकृती ढासळली म्हणून ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांतून समुद्रफुलं, शिंपले, बारके मासे गोळा करून काचेच्या भांड्यांत ठेवू लागले. सोबत समुद्रशेवाळ ठेवलं तर पाणी लवकर नासत नाही, हे त्यांनी पाहिलं. रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञही त्याच सुमारास असेच प्रयोग करत होते. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यासाठी गॉस यांनी प्राणी पुरवले. पुढच्याच वर्षी त्यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर रूढ झाला.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. लंडनला दरवेळी समुद्राचं पाणी कुठून आणायचं? गॉस यांनी मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार गोड्या पाण्यात मोजून मिसळले आणि समुद्र घरीच तयार केला. त्यात आधी शेवाळ सोडलं, काही दिवस जाऊ दिले आणि मगच प्राणी सोडले. आज बाजारात मत्स्यालयाचं तयार मीठ मिळतं ते याच कल्पनेतून आलेलं आहे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात. आपल्याकडच्या खाऱ्या विहिरीचं पाणी इथे चालत नाही बरं का. त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्रापेक्षा अगदीच वेगळं असतं.

ते काही दिवस थांबणं का गरजेचं, याचं पूर्ण उत्तर मात्र गॉस यांच्याकडे नव्हतं. श्रेय ते शेवाळाला देत. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू विनोग्राडस्की यांनी वेगळे करून दाखवले ते १८९० च्या सुमारास. नव्या टाकीत हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मासे सोडले तर ते मरतात, आणि दोष दुकानदाराला मिळतो!

गॉस यांना खडकातल्या डबक्यांत गोबी, ब्लेनी असे बोटभर मासे भेटत. तिथलं पाणी उन्हाने तापतं, पावसाने पातळ होतं, तरी हे तग धरतात. कोकणातली निवटी गोबीच्याच गोतातली. आजही ८० लिटरच्या टाकीसाठी अशीच निवड करतात : क्लाउनफिशची जोडी आणि एखादी गोबी, तीही एकदम सोडायची नाही. डोरी, म्हणजे ब्लू टँग, कितीही आवडली तरी नको. ती जवळपास फूटभर वाढते. समुद्रफूलही नव्या टाकीत टिकत नाही. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच.

गॉस यांचं पुढचं आयुष्य सुखाचं गेलं नाही. १८५७ मध्ये पत्नी एमिली कर्करोगाने गेल्या, तेव्हा मुलगा एडमंड सात वर्षांचा होता. त्याच वर्षी धर्म आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालणारं त्यांचं पुस्तक आलं, ते कुणालाच पटलं नाही. आणखी एक दुःख त्यांच्या स्वतःच्या यशातून आलं. पुस्तकं वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या, छिन्नी-हातोडीने खडक फोडून प्राणी नेऊ लागले. त्यातले बहुतेक घरी जाऊन मेले. वडिलांच्या लाडक्या डबक्यांची कशी लूट झाली, हे एडमंडने मोठेपणी लिहून ठेवलं. गॉस २३ ऑगस्ट १८८८ रोजी वारले.

आता प्रवाळातून मासे न पकडता क्लाउनफिशची पिल्लं टाकीतच वाढवता येतात. आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशी हॅचरी आहे. तेव्हा दुकानात गेलात, की मासा टाकीत जन्मलेला आहे की समुद्रातून धरलेला, हे आधी विचारा, आणि तो तुमच्यासमोर दाणा खातो का, ते पाहूनच घ्या.