साइनची वही

साताऱ्या-सांगलीकडे इंजिनिअरिंगला असलेले पोर घरात असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. 'सी' भाषेतला छोटासा प्रोग्रॅम, वर 'मॅथ डॉट एच' लिहिलेले, एका कोनाचा साइन काढायचा. आणि कॉम्प्युटर म्हणतो, साइनचा पत्ताच नाही. पोर रात्रभर आपल्याच ओळी तपासत बसते. ओळी बरोबर असतात. 'मॅथ डॉट एच' साइन कसा मागायचा एवढेच सांगते. तो काढण्याची कृती वेगळ्या कपाटात असते. युनिक्स-लिनक्सवर त्यासाठी आज्ञेच्या शेवटी 'वजा एल एम' जोडावे लागते. शेवटीच, कारण तुकडे जुळवणारा 'लिंकर' डावीकडून वाचत येतो आणि तोवर जे मागितले गेले तेवढेच कपाटातून काढतो.

हे कपाट यंत्राकडे सोपवले ते ग्रेस हॉपर या बाईंनी.

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. सातव्या वर्षी घरातली गजराची सात घड्याळे खोलून बसल्या. १९३४ साली येलची गणितातली डॉक्टरेट, व्हासार कॉलेजात प्राध्यापकी. युद्धकाळात आरमाराला त्यांचे वय जास्त आणि वजन कमी वाटले. बाईंनी खास सवलत मिळवली. १९४४ मध्ये त्या हार्वर्डच्या ५१ फुटी 'मार्क वन' यंत्रापाशी रुजू झाल्या.

तिथे साइन काढण्याची कृती एकाने लिहिली की वहीत राही. दुसऱ्याला लागली की वही मागून उतरवून घ्यायची. उतरवताना ४ चा डेल्टाचा त्रिकोण होई, 'बी'चा १३. लेजरची बेरीज पुढच्या पानावर नेताना ३६ चे ६३ कसे होतात, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको. फरकाला ९ ने भाग गेला की आकडे उलटे पडलेत, एवढी तरी खूण आमच्याकडे होती. हार्वर्डच्या वहीत तीही नव्हती.

पुढे युनिव्हॅक यंत्रासाठी काम करताना, १९५२ मध्ये, बाईंनी सगळ्या कृती टेपवर घातल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. माणसाने क्रमांक लिहायचा. शोधणे, पत्ते बदलणे, जागी बसवणे यंत्राचे काम. त्यांनी त्याला कंपायलर म्हटले. आजच्या भाषेत तो लिंकरच्या जवळचा. यंत्र फक्त आकडेमोड करते, प्रोग्रॅम कसला जुळवणार, म्हणून पुष्कळांनी तो वापरायचेच नाकारले. बाई हटल्या नाहीत. त्यांच्या 'फ्लो-मॅटिक'वरून कोबोल भाषा घडली, जिच्यावर जगभरच्या बँका चालल्या.

१९८६ मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा वय ७९. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या ऑफिसातल्या भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे, आणि वेळ बरोबर दाखवत असे.