आधी हाताला काम

मैत्रिणींनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बाबा आमटे हे नाव न ऐकलेली बाई विरळाच. पण बाबांनी नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, तर आपण चटकन सांगतो, महारोग्यांची सेवा केली. हे उत्तर अर्धंच आहे. औषधपाणी करणारे मिशनरी दवाखाने तेव्हाही होते. घरच्यांनी हाकललेल्या, स्वतःचीच किळस येऊ लागलेल्या माणसाला पुन्हा स्वतःची किंमत कशी वाटायला लावायची, हा बाबांचा खरा ध्यास. आज ज्यासाठी लोक समुपदेशकाकडे जातात, ते काम त्यांनी माळरानावर कुदळ-फावडं घेऊन केलं.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, लाडाकोडाचं. शिकारीचा शौक, सिनेमाचं वेड, स्वतःची मोटार. वकील होऊन वरोऱ्यात त्यांनी चांगला जम बसवला. पुढे गांधीजींच्या विचारांची ओढ लागली आणि सगळंच बदललं. वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना हे गृहस्थ स्वतः डोक्यावरून मैला वाहू लागले. त्याच काळात भर पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. महारोगाने बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा घाबरले आणि चक्क पळून घरी आले. पण चैन पडेना. ते परत गेले, त्याला आडोसा केला, खाऊ घातलं, शेवटपर्यंत सांभाळलं. आपण भ्यालो, ही गोष्ट बाबांनी कधी लपवली नाही. मला तर त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हे मोठं वाटतं.

१९४६ साली नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदूशी त्यांचं लग्न झालं. घर सोवळ्याओवळ्याचं. बहिणीच्या लग्नाच्या धामधुमीत ही मुलगी हळूच मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करताना बाबांनी पाहिली आणि त्यांचा संन्यासाचा बेत तिथेच संपला! इंदूची साधना झाली. पुढे बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. तिथे प्रयोगासाठी त्यांनी आपलं शरीरही देऊ केलं होतं.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर पडीक जमिनीवर आनंदवन सुरू झालं. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. साप-विंचू भरपूर, पाण्याचा पत्ता नाही. म्हणून पहिलं काम विहिरीचं. आता सांगा, झडक्या बोटांच्या माणसांनी खडक फोडायचा? बाबांनी तेच करवलं, स्वतः त्यांच्याबरोबर राबून. दिवसांमागून दिवस गेले आणि पाणी लागलं. भीक मागून जगलेल्या माणसाने आपल्या हाताने काढलेलं पाणी पिणं म्हणजे काय असेल, कल्पना करा.

बाबांची रीत इथेच कळते. रडगाणं ऐकत बसायचं नाही, कीव तर मुळीच करायची नाही. ज्याला जे जमेल ते काम द्यायचं आणि त्या कामाचा वापर दुसऱ्या कुणाला तरी होईल असं पाहायचं. शेती, सुतारकाम, हातमाग, पत्र्याचे डबे, बांधकाम, सगळं रुग्णच शिकले. सुरुवातीला आनंदवनची भाजी गावात कुणी घेईना. दोनएक वर्षांनी परदेशातले तरुण स्वयंसेवक येऊन त्याच लोकांत राहिले, जेवले, त्यांनी इमारती बांधायला मदत केली, तेव्हा गावकऱ्यांची भीड चेपली. आणि १९६४ साली तर कमालच झाली. ज्या गावाने यांना लांब ठेवलं, त्या गावाच्या मुलामुलींसाठी यांनीच कॉलेज उभारलं! वरोऱ्याच्या किती घरांतल्या मुली त्यामुळे घराजवळ राहून शिकल्या.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. बरे झालेले बहुतेक लोक आपल्या घरी परत गेलेच नाहीत, कारण घरच्यांनी दार उघडलं नाही. बाबांनी त्यांची लग्नं लावून दिली, तिथेच संसार थाटले. आनंदवन जितकं बहरलं, तितकी आपल्या घरांची लाजही त्यात दिसते.

पुढे बाबांचं लक्ष भामरागडच्या माडिया आदिवासींकडे गेलं. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. (गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झालाच नव्हता, तो १९८२ मध्ये झाला.) डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाताई तिथे गेले. आधी दवाखाना, मग शाळा. इथेही उपकार नव्हे, बरोबरी.

या सगळ्यात साधनाताईंचं काय? रोजचा मोठा स्वयंपाक, गाईगुरं, आल्यागेल्याची उठबस, पोटची पोरं आणि नवरा सतत नव्या मोहिमेवर. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बाबांना बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. तशा अवस्थेत ते १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो'ला निघाले, १९९० मध्ये नर्मदेकाठी राहायला गेले. ताई तिथेही बरोबर. त्यांचं 'समिधा' मिळालं तर जरूर वाचा. बाबांच्या चरित्रात न दिसणारं बरंच काही त्यात आहे.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. दहन न करता त्यांना आनंदवनाच्या मातीतच ठेवलं. ताई ९ जुलै २०११ ला गेल्या.

कुष्ठरोग मात्र गेलेला नाही, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात, सहा महिने ते वर्षभर न चुकता घेतल्या की रोग बरा होतो. आणि हेही माहीत असू द्या: नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागायची कायद्यातली सोय २०१९ साली काढून टाकली आहे.