मधमाश्यांचा अंध अभ्यासक

परभणी जिल्ह्यात जुन्या वडा-पिंपळांच्या उंच फांद्यांवर आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लोंबताना दिसतात. पूर्वी मध हवा असला की लोक रात्री पेटते पलिते घेऊन जात, माश्या जाळून हाकलीत आणि पोळे पिळून घेत. मध मिळे, पण माश्यांचा संसार उद्ध्वस्त होई. अठराव्या शतकात युरोपातही माश्या मारून मध काढण्याची रीत बऱ्याच ठिकाणी रूढ होती. माश्यांना न दुखविता त्यांच्या घराचा कोपरान्‌कोपरा पाहण्याची सोय ज्याने करून दिली, तो मनुष्य स्वतः अंध होता. त्याचे नाव फ्रान्स्वा ह्यूबर.

ह्यूबरचा जन्म २ जुलै १७५० रोजी जिनीव्हा शहरी झाला. त्याला वाचनाचे अतोनात वेड होते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टी मंदावू लागली आणि पुढे ती कायमची गेली. मारी ल्यूलँ या तरुणीशी त्याचा विवाह ठरला होता. तिच्या वडिलांनी विरोध केला, तरी तिने आपला निश्चय सोडला नाही. विवाहानंतर ती त्याला ग्रंथ वाचून दाखवी आणि त्याचे लेखन करी.

घरात फ्रान्स्वा बर्नेन्स नावाचा एक खेडवळ नोकर होता. तोही धन्याला मधमाश्यांवरील ग्रंथ वाचून दाखवू लागला. वाचता वाचता दोघांच्या मनात शंका उत्पन्न होऊ लागल्या. ग्रंथात लिहिले आहे ते खरे कशावरून? ह्यूबर प्रश्न काढी, प्रयोग ठरवी. बर्नेन्स डोळ्यांनी पाही आणि पाहिलेले जसेच्या तसे सांगे. उत्तराने समाधान झाले नाही, तर ह्यूबर तोच प्रयोग पुन्हा करावयास लावी.

पोळ्याच्या आत पाहावे कसे, ही पहिली अडचण होती. ह्यूबरने लाकडी चौकटी बिजागऱ्यांनी एकमेकींस जोडून एक पेटी तयार केली. पुस्तकाची पाने उलटावीत, तशा त्या चौकटी उघडता येत आणि पोळ्याच्या दोन्ही बाजू उजेडात पाहता येत.

राणी नसलेल्या पोळ्यातही कधी कधी अंडी सापडत. ती कोण घालते? लहान चणीची एखादी राणी लपलेली असते, की हे कामकरी माश्यांचेच काम? याचा उलगडा करण्यासाठी बर्नेन्सने दोन पेट्यांतील एकूण एक माशी हाती धरून तपासली. या कामास ११ दिवस लागले. डंखांची त्याने पर्वा केली नाही. लपलेली राणी कोठेच आढळली नाही. काही कामकरी माश्याच अंडी घालतात आणि त्यांतून केवळ नर निपजतात, हे पुढे स्पष्ट झाले.

राणीमाशीचे नराशी मीलन पोळ्यात होत नसून बाहेर आकाशात होते, हेही या जोडीने दाखवून दिले. माश्या परागांपासून मेण करतात, अशी तेव्हा पुष्कळ अभ्यासकांची समजूत होती. ह्यूबरने काही माश्या कोंडून त्यांना नुसता मध दिला. तरीही त्यांनी मेणाचे पोळे बांधले. यावरून मेण मधापासून माशीच्या शरीरात तयार होते, हे सिद्ध झाले.

यातील बरेचसे संशोधन १७९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे बर्नेन्स निघून गेला, तेव्हा ह्यूबरची पत्नी व मुलगा प्येर त्याचे डोळे झाले. मुलाच्या साहाय्याने ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती १८१४ मध्ये निघाली. २२ डिसेंबर १८३१ रोजी ह्यूबरचा मृत्यू झाला.

१८५१ मध्ये अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ याने माश्या भरून न टाकतील एवढे, म्हणजे एक सेंटिमीटरहून थोडे कमी अंतर चौकटींभोवती राखले. त्यामुळे प्रत्येक चौकट सहज उचलता येऊ लागली. पुण्यात १९६२ मध्ये मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. आग्या माशी पेटीत राहत नाही, म्हणून आपल्याकडे पेटीत सातेरी माशी पाळतात.

नवशिक्या प्रथम थोडा धूर देऊन माश्यांना शांत करतो. मग पेटीचे झाकण काढून एक चौकट हळूच वर उचलतो आणि तिच्या दोन्ही बाजू नीट निरखतो. राणी फिरते आहे काय, घरांत ताजी अंडी आहेत काय, मध किती साठला आहे, हे तो पाहतो आणि चौकट होती तशी परत ठेवतो. परभणीच्या शिवारात करडई फुलली असता शेताच्या बांधावर पेटी उघडणाराही हेच करील. हे पान उलटण्याची रीत जिनीव्हाच्या त्या अंध अभ्यासकाने घालून दिली आहे.