आयडल गावचा उद्योगी माणूस

ब्रॅडफर्डला राहायला आलो तेव्हा बसच्या पाटीवर ‘आयडल’ हे गावाचं नाव वाचून हसू आलं होतं. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ रिकामटेकडा, आळशी. अशा नावाच्या गावात कोण राहत असेल, असा टिंगलीचा विचार मनात येऊन गेला. याच गावातल्या कारखान्याचे स्पीकर एक दिवस आपल्या घरी येतील आणि त्यांच्यापायी आपली झोप उडेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक आजी घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या. त्यांच्याकडे दोन मोठे लाकडी स्पीकर होते. आतली 12 इंची युनिटं व्हार्फडेल कंपनीची, पण खोकी त्यांच्या दिवंगत यजमानांनी स्वतःच्या हाताने बनवलेली. आजींनी पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली, की हे स्पीकर वाजते ठेवायचे, वर फुलदाणी ठेवून शोभेला मांडायचे नाहीत.

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. लगेच एक्सेल उघडून ॲम्प्लिफायरची यादी केली आणि 100 वॉटचा एक दणकट ॲम्प्लिफायर नक्कीही करून टाकला. जास्त वॉट म्हणजे जास्त चांगलं, एवढं साधं गणित. पण युनिटच्या मागे 15 ओहम लिहिलेलं होतं. आजच्या स्पीकरवर 8 किंवा 4 असतात. हे 15 कुठून आले, याचा शोध घेता घेता मी गिल्बर्ट ब्रिग्ज यांच्यापाशी पोहोचलो.

ब्रिग्ज यांचा जन्म 1890 चा, ब्रॅडफर्डच्याच परिसरातला. तेव्हा हे शहर लोकरीच्या कापडाची मोठी बाजारपेठ होतं. ब्रिग्जही कापडाच्या धंद्यात शिरले आणि तिथेच त्यांची उमेदीची वर्षं गेली. इंजिनिअरिंगची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. पियानोचं वेड मात्र जबरदस्त. पियानोचा खरा आवाज कानात पक्का बसलेला असल्यामुळे रेडिओतून येणारा पियानो त्यांना खटकायचा.

मग आली जागतिक मंदी आणि कापडाचा धंदा बसला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नव्याने काय सुरू करायचं? आपल्यापैकी ज्यांनी परदेशात, घराचे हप्ते चालू असताना, नोकरकपातीचा ईमेल उघडलेला आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. ब्रिग्ज यांनी 1932 मध्ये इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतला. हे गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यात येतं. खोऱ्याचं नाव व्हार्फडेल, तेच त्यांनी धंद्याला दिलं. ब्रॅडफर्डच्या रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत त्यांच्या स्पीकरनी पहिलं आणि दुसरं अशी दोन्ही बक्षिसं पटकावली आणि छंदाचा व्यवसाय झाला. पुढे कारखाना उभा राहिला तो आयडलमध्ये.

युद्ध संपलं त्या 1945 साली त्यांनी खर्जासाठी एक आणि वरच्या सुरांसाठी दुसरं, अशी दोन युनिटं असलेला स्पीकर बनवला. खोकं स्वतः थरथरू लागलं की आवाज गढूळ होतो, यावर त्यांचा उपाय अगदी गावठी होता. लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरायची! वाळू थरथर गिळून टाकते. नुसती युनिटंही ते विकायचे. लोक ती नेऊन घरी खोकी बनवायचे. आजींचे यजमान त्यांतलेच एक.

या हौशी लोकांसाठी ब्रिग्ज यांनी लेखणीही उचलली. 1948 मध्ये त्यांचं लाउडस्पीकरवरचं पुस्तक आलं, तेही स्वतःच्याच कंपनीतर्फे. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. 1952 मध्ये एका सहलेखकाबरोबर ॲम्प्लिफायरवरचं पुस्तक काढलं. पियानोवर लिहिलं, खोक्यांवर लिहिलं, म्हातारपणी माणसाच्या श्रवणशक्तीवरही लिहिलं. भाषा सोपी, मिश्कील, शेजारच्या माणसाशी गप्पा माराव्यात तशी. गणित लागेल तेवढंच.

पण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी प्रयोग 1954 मधला. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी तिकीट लावून स्पीकरचा कार्यक्रम ठेवला. सुमारे 3000 खुर्च्यांचं सभागृह. रंगमंचावर वादक प्रत्यक्ष वाजवणार आणि त्याच वाद्याचं रेकॉर्डिंग लगेच स्पीकरवरून ऐकवलं जाणार. फरक ओळखायला लोकांचे कान समोरच बसलेले. फसलं असतं तर वीस-बावीस वर्षांची अब्रू एका संध्याकाळी गेली असती.

या प्रसंगी ॲम्प्लिफायर कोणाचा घ्यायचा? ब्रिग्ज यांनी पीटर वॉकर यांना बरोबर घेतलं. वॉकर त्यांच्याहून जवळपास पंचवीस वर्षांनी लहान. हंटिंग्डनमध्ये त्यांची कंपनी क्वाड नावाचे ॲम्प्लिफायर बनवायची. त्यांचा व्हॉल्व्हचा ‘क्वाड टू’ त्या काळी नावाजलेला होता आणि त्याची ताकद होती एका डब्याला 15 वॉट. आज खिशात मावणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावरही याहून मोठे आकडे छापलेले असतात! पण क्वाडचा आवाज स्वच्छ होता आणि ब्रिग्ज यांचे स्पीकर थोड्या विजेत भरपूर बोलायचे. कार्यक्रम गाजला. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, ही मंडळी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोहोचली.

हे वाचून माझ्या एक्सेलमधली चूक लक्षात आली. आपल्याकडे गवयाबरोबर तबलजी बसतो तेव्हा तबला गवयाच्या पट्टीत लावून घेतात. सगळ्यात जोरात वाजवणारा तबलजी कोणी शोधत नाही. ॲम्प्लिफायर हा साथीदार आहे. आधी स्पीकरची पट्टी बघायची.

ती पट्टी अशी बघतात. पहिली गोष्ट ओहम. त्या काळच्या ब्रिटिश स्पीकरना 15 ओहम हा रूढ आकडा होता आणि व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला तसं वेगळं टोक असायचं. आजचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायरही अशा स्पीकरला बिनधास्त चालतो, फक्त 8 ओहमसाठी लिहिलेले वॉट जवळपास निम्मे होतात. धोका उलट बाजूने असतो. 8 ओहमच्या ॲम्प्लिफायरला 4 ओहमचा स्पीकर लावला तर तो तापू शकतो. दुसरी गोष्ट, स्पीकर एका वॉटमध्ये किती मोठा बोलतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच. घरातल्या खोलीत बहुतेक वेळ एखादा वॉटच खर्च होत असतो. तिसरी गोष्ट, स्पीकर सोसेल किती. त्या काळच्या कित्येक युनिटांची मर्यादा 10-15 वॉटच्या आसपास असायची. माझ्या 100 वॉटवाल्यावर मुलांनी एकदा नॉब पूर्ण फिरवला असता, तर कॉइल जळून खाक झाली असती. ती आता बाजारात नवी मिळत नाही.

ब्रिग्ज यांनी 1958 मध्ये कंपनी रँक या बड्या उद्योगसमूहाला विकली. याच सुमारास स्टीरिओच्या रेकॉर्ड बाजारात येऊ लागल्या होत्या. त्यानंतरही काही वर्षं ते काम बघत राहिले आणि 1965 मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले रेमंड कुक यांनी 1961 मध्ये केईएफ ही कंपनी काढली. वॉकर यांनीही 1957 मध्ये वेगळ्याच तत्त्वावरचा स्वतःचा स्पीकर आणला होता. ब्रिग्ज गेले 1978 मध्ये. आयडल गावात राबलेल्या या माणसाच्या अंगाला आळस कधी शिवला नाही.

मी शेवटी 30 वॉटचा एक जुना ॲम्प्लिफायर घेतला. 15 ओहमला त्याचे होतात 16 वॉट, म्हणजे क्वाडएवढेच. आधी त्याचे सुकलेले कपॅसिटर बदलून घेतले. आउटपुटवर डीसी व्होल्टेज येत नाही ना, हे मीटर लावून तीनदा तपासलं. मगच वायरी जोडल्या.

ईस्टरला आजी मुलीबरोबर येऊन गेल्या. त्यांच्या घरातलीच एक पियानोची रेकॉर्ड लावली. त्या बराच वेळ खोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मग आवाज थोडा वाढवायला सांगितला. मी वाढवला. नॉबला अजून बरीच जागा शिल्लक होती.